महाजालावरचे वाटाडे: नवी संकेतस्थळे सापडण्याचा इतिहास

#धागा #इतिहास #आंतरजाल

१/
जून १९९३ मध्ये साऱ्या जगात मिळून सुमारे १३० संकेतस्थळे होती. एमआयटीतील विद्यार्थी मॅथ्यू ग्रे याने केलेल्या मोजणीतला हा आकडा आहे. त्यांपैकी एखादे आपल्या उपयोगाचे आहे, हे कोणाला कळणार तरी कसे? याहू नव्हते, गूगलही नव्हते. पत्ता ठाऊक असेल तरच दार उघडे आणि तो पत्ता कोणीतरी सांगावा लागे. पत्ते सांगणाऱ्या या वाटाड्यांचा तीस वर्षांचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/
वाटाड्याची कल्पना महाजालाहून बरीच जुनी आहे. जुलै १९४५ मध्ये अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हार बुश यांनी 'द अटलांटिक मंथली' या मासिकात एक निबंध लिहिला. ज्ञान इतक्या वेगाने साठत आहे की त्यातून हवी ती गोष्ट हाती लागणे दुरापास्त झाले आहे, ही त्यांची चिंता होती. उपाय म्हणून त्यांनी 'मेमेक्स' नावाचे टेबलाच्या आकाराचे यंत्र कल्पिले. एका मजकुरापासून दुसऱ्या मजकुरापर्यंतची वाट त्यात जोडून ठेवता येणार होती.

३/
त्याच निबंधात बुश यांनी एका नव्या व्यवसायाचे भाकीत केले. माहितीच्या अरण्यात उपयुक्त वाटा पाडणे आणि त्या इतरांच्या हवाली करणे, हे काम आवडीने करणारे लोक पुढे येतील, असे त्यांना वाटत होते. यंत्र वाटा साठवील, पण पाडील मात्र माणूसच, हे त्यांनी गृहीत धरले होते. मेमेक्स कधीच बनले नाही. तो व्यवसाय मात्र अर्ध्या शतकानंतर अवतरला आणि त्यात उतरलेले बहुतेक लोक बिनपगारी होते.

४/
ऑगस्ट १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतील आपला 'वर्ल्ड वाइड वेब' प्रकल्प जाहीरपणे मांडला. त्याच वर्षी त्यांनी उपलब्ध दुव्यांची विषयवार यादीही सुरू केली. पुढे ती 'व्हर्च्युअल लायब्ररी' म्हणून ओळखली जाऊ लागली. एकेका विषयाची यादी त्या विषयाच्या एकेका जाणकाराने सांभाळायची, अशी तिची रीत होती. महाजालाची पहिली निर्देशिका अशी स्वयंसेवकांच्या बळावर उभी राहिली.

५/
३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रातून 'मोझेक' हा न्याहाळक बाहेर पडला. 'व्हॉट्स न्यू' नावाचे एक पान हे केंद्र चालवत असे आणि नव्या संकेतस्थळांची वार्ता तिथे छापली जाई. पण डिसेंबर १९९३ मधील ६२३ संकेतस्थळांची संख्या वर्षभरात १०,०२२ वर गेली. बसल्या बैठकीत वाचून होणारी यादी आता वाचून संपेनाशी झाली. १९९६ च्या मध्यावर ते पान थांबले.

६/
संस्थांच्या याद्यांबरोबर एकेकट्या माणसांच्या याद्याही होत्या. जानेवारी १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजचा विद्यार्थी जस्टिन हॉल याने स्वतःचे पान सुरू केले. महाजालावर भटकताना भेटलेल्या चमत्कारिक ठिकाणांचे दुवे तो तिथे देई आणि स्वतःच्या आयुष्याविषयीही मोकळेपणाने लिही. आद्य ब्लॉगलेखकांत आज त्याची गणना होते. दुव्याबरोबर दुवा देणाऱ्याची आवडनिवडही वाचकापर्यंत पोहोचते, हे त्याच्या पानावरून लोकांच्या ध्यानात आले.

७/
त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फायलो हे दोन संशोधक विद्यार्थी आपापल्या आवडत्या दुव्यांची वर्गवारी करत होते. त्यांच्या यादीचे पहिले नाव 'जेरी अँड डेव्हिड्स गाइड टू द वर्ल्ड वाइड वेब' असे लांबलचक होते. काही आठवड्यांतच तिचे नाव 'याहू' झाले. मार्च १९९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि एप्रिल १९९६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. दोन विद्यार्थ्यांच्या हौसेतून निघालेल्या यादीला आता भागधारक लाभले होते.

८/
याहूच्या आरंभीच्या कर्मचाऱ्यांत श्रीनिजा श्रीनिवासन होत्या. साऱ्या महाजालासाठी वर्गवारीची चौकट आखण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. संपादक संकेतस्थळ उघडून पाहत, त्याला ओळभर वर्णन जोडत आणि योग्य खण शोधून त्यात ठेवत. एक विषय दोन खणांत शोभणारा असेल, तर एका ठिकाणी त्याच्या नावापुढे विशिष्ट चिन्ह देऊन मूळ जागा दुसरीकडे असल्याचे सुचवले जाई. ग्रंथपालांना पिढ्यान् पिढ्या पडलेला पेच या संपादकांसमोरही होता: पुस्तक एक आणि कपाटे अनेक.

९/
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. त्याच्या काही महिने आधी, मार्च १९९५ मध्ये, मुंबईच्या राजेश जैन यांनी 'इंडियावर्ल्ड' सुरू केले होते. त्याच्या परिवारात बातम्यांसाठी 'समाचार', पाककृतींसाठी 'बावर्ची' आणि भारतविषयक संकेतस्थळांची निर्देशिका म्हणून 'खोज' अशी स्थळे होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेतले. भारतीय महाजालावर वाट दाखवण्यालाही मोल आहे, हे त्या व्यवहाराने अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

१०/
मराठीपुढची अडचण निराळी होती. युनिकोड रुळण्यापूर्वी बहुतेक मराठी संकेतस्थळे आपापला स्वतंत्र टंक वापरत. वाचकाला तो आधी उतरवून घ्यावा लागे. पडद्यावर मराठी अक्षरे उमटत, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग असे. साहजिकच शोधयंत्रांना तो वाचता येत नव्हता. मराठी पान मराठीत शोधून सापडणे अशक्यप्राय होते आणि ते ठाऊक असलेल्या माणसाने दुवा कळवणे, हाच खात्रीचा मार्ग होता.

११/
म्हणूनच मराठी वाचकांच्या बाबतीत समूह आधी जमला आणि शोधयंत्रे फार नंतर उपयोगी पडली. 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या यूजनेटवरील चर्चागटात परदेशी गेलेले मराठी लोक एकमेकांना गाठत. १९९६ मध्ये अमेरिकेत 'मायबोली' सुरू झाली. अशा ठिकाणी पाककृती, गावाकडच्या आठवणी आणि वादविवाद यांच्या जोडीने पत्त्यांचीही देवाणघेवाण होई. कोणाला काय सापडले, हे तिथल्या गप्पांतूनच इतरांना कळे.

१२/
तिकडे अमेरिकेत महाजालाला शहराचे रूप देण्याचा एक प्रयोग चालू होता. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला उपक्रम पुढे 'जिओसिटीज' या नावाने गाजला. तिथे पान मांडणाऱ्याला आधी वस्ती निवडावी लागे. संगणकवेड्यांसाठी 'सिलिकॉन व्हॅली', साहित्य आणि तत्त्वज्ञानासाठी 'अथेन्स', विज्ञानकथांसाठी 'एरिया ५१' अशा त्या वस्त्या होत्या. प्रत्येक पानाला घरक्रमांक असे. त्यामुळे एका घरी आलेला पाहुणा सहज शेजारच्या दारी डोकावे.

१३/
शेजाराची हीच कल्पना दूरदूरच्या पानांना लागू केली ती 'वेबरिंग'ने. ओरेगॉनमधील सेज वाइल या तरुणाने १९९५ मध्ये ते तंत्र उभे केले. एकाच विषयावरची पाने एका कड्यात गुंफली जात. प्रत्येक पानाच्या तळाशी 'मागचे', 'पुढचे' आणि 'कोणतेही एक' असे दुवे असत. पुढे पुढे जात राहिले की वाचक फिरून मूळ पानावर येई. कड्याला एक प्रमुख असे. नव्या पानाला प्रवेश द्यायचा की नाही आणि बंद पडलेले पान कधी वगळायचे, हे तो ठरवी.

१४/
जानेवारी १९९९ मध्ये याहूने सुमारे ३.६ अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात जिओसिटीज घेण्याचा करार जाहीर केला. तोवर वेबरिंगही जिओसिटीजच्या पदरी आले होते. २००० मध्ये याहूने वेबरिंगची यंत्रणा आपल्या साच्यात बसवली. वर्षानुवर्षे कडी सांभाळणाऱ्या प्रमुखांना नवी खाती काढावी लागली, पानांवरची रचना बदलावी लागली आणि त्यांच्यात नाराजी पसरली. २००१ मध्ये याहूने त्यातून अंग काढून घेतले. तोपर्यंत पुष्कळ कडी तुटली होती.

१५/
दरम्यान याहूच्या निर्देशिकेत नोंद मिळण्यासाठी लोकांना ताटकळावे लागत होते. पगारी संपादक मोजके आणि अर्जांना तर सुमारच नव्हता. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी यावर उतारा काढला: संपादनाचे काम स्वयंसेवकांवर सोपवायचे. त्याच वर्षी नेटस्केपने हा प्रकल्प घेतला. 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' किंवा 'डीमॉझ' या नावाने तो ओळखला जातो. त्याची सामग्री कोणालाही मोफत वापरता येत होती.

१६/
त्याच्या अखेरीपर्यंत ९० हजारांहून अधिक लोकांनी डीमॉझचे संपादक म्हणून काम केले होते. ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे आणि दहा लाखांवर वर्ग, एवढा त्याचा पसारा होता. दोषही होतेच. अर्ज महिनोन् महिने पडून राहत. काही संपादक स्वतःच्या व्यवसायाला झुकते माप देतात, असे आरोप होत. तरीही नोंदवलेल्या प्रत्येक पानाच्या मागे ते उघडून पाहिलेला एक माणूस उभा आहे, हा विश्वास त्या निर्देशिकेने दिला होता.

१७/
त्याच सुमारास स्टॅनफर्डचेच आणखी दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, वेगळ्या दिशेने विचार करत होते. वर्गवारी करण्याऐवजी लोकांनी एकमेकांना दिलेले दुवे मोजावेत, ही त्यांची कल्पना होती. एखाद्या पानाकडे बोट दाखवणारी पाने जितकी अधिक आणि ती स्वतः जितकी प्रतिष्ठित, तितके त्या पानाचे वजन जास्त. १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली. शोधाची गुणवत्ता एकदम उंचावली आणि निर्देशिका धीम्या वाटू लागल्या.

१८/
गूगलच्या यशात एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. मोजायला दुवे होते, कारण लाखो माणसांनी ते स्वखुशीने दिले होते. जस्टिन हॉलसारख्यांची पाने, विद्यापीठांच्या याद्या, वेबरिंगची कडी आणि छंदिष्टांचे दुवे हा त्या गणिताचा कच्चा माल होता. गूगलने २००० मध्ये डीमॉझची सामग्री घेऊन स्वतःची निर्देशिकाही चालवली. ती २०११ मध्ये बंद झाली. वाटाड्यांच्या श्रमावर यंत्र उभे राहिले आणि यंत्र चालू लागल्यावर वाटाड्यांची गरज संपल्याचे अनेकांना वाटू लागले.

१९/
दुव्याला वजन आले तसा त्याचा बाजारही भरला. पैसे घेऊन दुवे देणारी पाने निघाली आणि एकमेकांनाच दुवे देणारी बनावट संकेतस्थळांची जाळी विणली गेली. याहूच्या निर्देशिकेत व्यापारी नोंदीसाठी २९९ डॉलर शुल्क आकारले जाऊ लागले. पूर्वी दुवा हा सहज केलेला निर्देश होता. आता तो देण्याआधी माणूस नफ्यातोट्याचा विचार करू लागला. हौशी पानांवरच्या 'माझे आवडते दुवे' या सदराला तेव्हापासून उतरती कळा लागली.

२०/
शोधयंत्रात आणखी एक उणीव होती. ज्याला प्रश्न ठाऊक आहे त्यालाच ते उत्तर देते. जे अस्तित्वात आहे याची कल्पनाच नाही, ते कसे शोधणार? इंग्रजीत अशा अनपेक्षित लाभासाठी असलेला 'सेरेंडिपिटी' हा शब्द ब्रिटिश लेखक होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात घडवला. तो घेतला होता सेरेंडिपच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, तीन राजपुत्रांच्या कथेवरून. हे राजपुत्र जे शोधत नसत तेच त्यांना सापडे.

२१/
हा योगायोग बटण दाबून मिळवून देण्याचे काम 'स्टम्बलअपॉन'ने केले. कॅनडातील कॅलगरी येथे गॅरेट कॅम्प आणि त्याच्या मित्रांनी नोव्हेंबर २००१ मध्ये ते सुरू केले. वाचकाने आपल्या आवडीचे विषय निवडायचे आणि बटण दाबायचे. समोर एखादे अनोळखी पान येई. आवडले तर अंगठा वर, नाहीतर खाली. पान दिसायला यादृच्छिक, पण तशाच आवडीच्या दुसऱ्या कोणीतरी ते आधी पसंत केलेले असे. योगायोगाच्या आड इथेही माणसेच होती.

२२/
२००७ मध्ये ई-बेने स्टम्बलअपॉन ७.५ कोटी डॉलरना विकत घेतले. दोन वर्षांनी मूळ संस्थापकांनी ते परत मिळवले. याच काळात जोशुआ शॅक्टर यांचे 'डिलिशस' (२००३), 'डिग' (२००४) आणि 'रेडिट' (२००५) ही स्थळे उभी राहिली. कोणीही दुवा मांडावा आणि इतरांनी मत द्यावे, अशी त्यांची सर्वसाधारण रीत होती. संपादकाची खुर्ची आता गर्दीकडे आली. गर्दीला न भावलेले पान मात्र तिथे काही तासांत खाली सरके आणि दिसेनासे होई.

२३/
मराठीत या काळाला वेगळाच बहर आला. युनिकोड रुळल्यामुळे टंकांचा जाच संपला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यावरचा 'अविशिष्ट लेख' हा दुवा म्हणजे स्टम्बलअपॉनच्या बटणाचाच सोज्ज्वळ भाऊ. 'मनोगत', 'मिसळपाव', 'उपक्रम' ही चर्चास्थळे गजबजली. ऑर्कुटवर मराठी समूह निघाले. 'मराठी ब्लॉग विश्व'ने विखुरलेल्या मराठी ब्लॉगांची सूची एका जागी आणली. नवा लेख कुठे आला, हे तिथे एका दृष्टिक्षेपात कळे.

२४/
सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' आणले. आता कोणाच्या पानावर जाण्याचीही आवश्यकता उरली नाही, कारण निवडक मजकूर आपण होऊन समोर येऊ लागला. तो कोणत्या निकषावर निवडला, हे वाचकाला दिसत नव्हते. वाचक त्याच आवारात थांबावा, यातच मंचाचे हित होते. बाहेरचा दुवा म्हणजे आवाराबाहेर नेणारे दार. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले आणि आपल्या वाचनाची यादी स्वतःच्या हाताने लावण्याची सवयही पुष्कळांची सुटली.

२५/
पुढे एकेक वाट बुजत गेली. २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीजच्या अमेरिकी वस्त्या बंद झाल्या. २०१४ च्या अखेरीस याहूने आपली मूळ निर्देशिका मिटवली. १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझ थांबले. ३० जून २०१८ रोजी स्टम्बलअपॉन संपले. यांतल्या प्रत्येकाचा मालक एक कंपनी होती, काम मात्र बव्हंशी वापरणाऱ्यांनी केले होते. बंद करण्याचा निर्णय घेताना त्या काम करणाऱ्यांचे मत निर्णायक ठरले नाही.

२६/
यात नेमके काय गमावले? पत्ते तर इतरत्रही सापडले असते. गमावली ती निवड. या विषयावरची ही पाच पाने वाचण्याजोगी आहेत, असे सांगणाऱ्या माणसाचा निवाडा नाहीसा झाला. आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही ते पान हळूहळू मरते. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

२७/
या इतिहासाचा पुढचा टप्पा कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे आणि त्याचीही मुळे वाटाड्यांतच आहेत. २०१९ मध्ये ओपनएआयने 'जीपीटी-२' हे भाषा-प्रारूप जाहीर केले. त्याला शिकवण्यासाठी बरा मजकूर हवा होता. तो निवडण्याची युक्ती अशी: रेडिटवर लोकांनी दिलेले आणि किमान तीन गुण मिळालेले बाहेरचे दुवे घ्यायचे. असे ४.५ कोटी दुवे जमले. त्यांतून सुमारे ८० लाख पानांचा संग्रह तयार झाला. एखाद्याने दुवा दिला आणि काहींनी मान डोलावली, एवढ्यावर यंत्राचे पाठ्यपुस्तक बनले.

२८/
त्याच वर्षी फेब्रुवारीत 'धिस पर्सन डझ नॉट एक्झिस्ट' हे संकेतस्थळ लोकांनी एकमेकांना उत्साहाने दाखवले. दर वेळी पान नव्याने उघडले की एक नवा मानवी चेहरा दिसे. तो चेहरा कोणाचाच नसे, कारण यंत्राने तो त्या क्षणी घडवलेला असे. स्टम्बलअपॉनचे बटण दाबल्यावर एका अनोळखी माणसाने लिहिलेले पान समोर येत होते. इथे अनोळखी चेहरा येत होता, पण त्यामागे भेटण्याजोगे कोणी नव्हते.

२९/
३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि अशा साधनांचा पूर लोटला. कोणी चित्र काढून देई, कोणी आवाजाची नक्कल करी, कोणी सादरीकरण तयार करी. लोकांसमोर पुन्हा १९९४ चाच प्रश्न उभा राहिला: इतके काही निघाले आहे, त्यातले कामाचे कोणते? उत्तरही जुनेच निघाले. विषयवार निर्देशिका, 'आज नवे काय' अशी पाने आणि आवडत्या साधनांच्या याद्या पुन्हा दिसू लागल्या. नोंदीसाठी शुल्क घेण्याची प्रथाही पाठोपाठ आली.

३०/
एक फरक मात्र मूलभूत आहे. निर्देशिका वाचकाला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडत असे. नवी साधने दारात न नेताच आतला मजकूर आणून देतात. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत शोधाच्या उत्तरांवरच यंत्रलिखित सारांश दाखवणे सुरू केले. त्यात दुवे असतात, परंतु उत्तर हाती पडल्यावर दुव्यावर जाण्याचे कारण उरतेच असे नाही. भेट देणारे घटले तर लिहिणारा लिहिता राहील का, आणि तो थांबला तर उद्याचे यंत्र कशावरून शिकेल, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

३१/
काही जण वाटा पुन्हा पाडत आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेले 'निओसिटीज' लोकांना स्वतःच्या हाताने पान बांधायला जागा देते. स्वीडनमधील 'मार्जिनेलिया' हे शोधयंत्र छोट्या, मजकूरप्रधान पानांना अग्रक्रम देते. डीमॉझच्या जुन्या संपादकांनी त्याचे काम 'कर्ली' या नावाने चालू ठेवले आहे. तरुण मंडळी वेबरिंगची कडीही नव्याने जोडत आहेत. आकाराने हे सारे अत्यल्प आहे, पण १९९३ ची सुरुवातही १३० संकेतस्थळांचीच होती.

३२/
शेवटी एक तांत्रिक तपशील. जुनी पाने जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हचे यंत्रही मुख्यतः दुव्यांवरूनच एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. जिथे दुवा पोहोचत नाही, तिथे सहसा तेही पोहोचत नाही. स्वतंत्र टंकात लिहिलेली कितीतरी मराठी पाने आज त्यांच्या मूळ पत्त्यावर नाहीत. त्यांतली काही त्या संग्रहात आढळतात. तिथवर ती पोहोचली, कारण कधीकाळी कोणीतरी आपल्या पानाच्या तळाशी त्यांचा पत्ता लिहून ठेवला होता. ती नोंद करणाऱ्यांची नावे बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत.

(धागा समाप्त. वाचनात आलेली जुनी-नवी मराठी संकेतस्थळे ठाऊक असल्यास त्यांचे दुवे खाली जरूर नोंदवावेत.)